भिंतीतली १० मीटरची एचडीएमआय केबल खरंच ४८ जीबीपीएसची आहे का? कसं तपासायचं?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी. घरात पीओपी आणि रंगकाम चालू आहे, म्हणून जरा घाईत विचारतोय.

टीव्ही हॉलच्या भिंतीवर आहे. प्लेस्टेशन ५, सेट-टॉप बॉक्स आणि एव्ही रिसीव्हर (स्पीकरांचा ॲम्प्लिफायर) बाजूच्या भिंतीतल्या कपाटात राहणार आहेत. इलेक्ट्रिशियनने मधे २५ मिमीचा पाइप टाकून त्यातून १० मीटरची एचडीएमआय केबल ओढून दिली आहे. केबल मीच आणली होती. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘एचडीएमआय २.१, ८के, ४८ जीबीपीएस’ (म्हणजे सेकंदाला ४८ गिगाबिट) असं छापलंय.

अडचण अशी की या केबलने प्लेस्टेशन जोडला तर ४के ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० चौकटी) चित्र येतं, पण १२० हर्ट्झचा पर्याय दिसतच नाही. सुरुवातीला अंधाऱ्या दृश्यांत पांढरे ठिपके चमकायचे, मधेच क्षणभर पडदा काळा व्हायचा. दुकानदाराला फोन केला, तर त्याने प्लेस्टेशनच्या सेटिंगमधला ‘४के व्हिडिओ ट्रान्स्फर रेट’ हा पर्याय ‘ऑटोमॅटिक’वरून ‘-२’ करायला लावला. त्यानंतर ठिपके गेले. तो म्हणतो केबल ओरिजिनल आहे, टीव्हीचं पोर्ट कमजोर असणार.

शनिवारी सुतार टीव्हीमागचं पॅनेल बसवणार आहे. त्याआधी कळायला हवं की केबल खोक्यावर लिहिल्याप्रमाणे आहे की नाही. माझ्याकडे कुठलंही यंत्र नाही. घरच्या घरी हे ओळखता येतं का? जाणकारांनी कृपया सांगावं.


पाटील_सांगली

प्लेस्टेशनच्या खोक्यात आलेली छोटी केबल आहे ना? प्लेस्टेशन उचलून टीव्हीजवळ न्या आणि त्या केबलने त्याच पोर्टला जोडा. १२० आलं तर पोर्ट ठीक आहे, दोष लांब केबलचा. नाही आलं तर टीव्हीच्या सेटिंगकडे बघा. माझ्याकडे असाच घोळ झाला होता तेव्हा टीव्हीचं पोर्टच चुकलं होतं. चारपैकी दोनच पोर्टांवर १२० चालत होतं आणि ते पोर्टाशेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं.


निशिगंधा (ठाणे)

पाटील यांनी सांगितलेली चाचणी सगळ्यात आधी करा. मी कॉलेजांची सभागृहं, ऑफिसांच्या बैठकीच्या खोल्या आणि घरचे टीव्ही-प्रोजेक्टर जोडण्याचं काम करते. गाडलेल्या केबलपायी नवीन रंगाची भिंत फोडावी लागलेली घरं मी पाहिली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. सुतारांना थांबवावं लागलं तरी थांबवा.

खोक्यावरचा ‘एचडीएमआय २.१’ हा शिक्का आधी बाजूला ठेवा. २.० ही आवृत्ती २०१३ साली आली, २.१ ही २०१७ साली, २.२ ही २०२५ साली. हे आकडे उपकरणांच्या नियमावलीचे आहेत. केबलला आवृत्ती नसते, आणि केबलवर आवृत्तीचा आकडा छापायला एचडीएमआयचा परवाना देणारी संस्थाच मनाई करते. केबलची ओळख तिच्या वर्गाच्या नावावरून होते. ‘हाय स्पीड’ म्हणजे १०.२ जीबीपीएस, ‘प्रीमियम हाय स्पीड’ म्हणजे १८, ‘अल्ट्रा हाय स्पीड’ म्हणजे ४८, आणि २.२ सोबत आलेली ‘अल्ट्रा९६’ ही ९६ ची. खोक्यावर यातलं एकही नाव नसेल आणि नुसते ‘२.१’ आणि ‘८के’ असतील, तर विकणाऱ्याने तपासता येईल असा दावा केलेलाच नाही.

आता केबलच्या अंगावर बघा. टीव्हीमागे फूट-दीड फूट बाहेर असेल, तिथे मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून आवरणावरची छपाई वाचा. अल्ट्रा हाय स्पीड केबलच्या आवरणावर तिच्या वर्गाचं पूर्ण नाव छापणं बंधनकारक आहे. खोकं रंगवणारा वेगळा आणि केबल ओढणारा कारखाना वेगळा, असं या धंद्यात सर्रास असतं. त्यामुळे खोकं काहीही बोलो, आवरण बहुतेक वेळा खरं बोलतं.

मग खोक्यावर चंदेरी चमक असलेलं, क्यूआर कोडचं लेबल आहे का ते शोधा. या वर्गाच्या केबलला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतली तपासणी सक्तीची आहे आणि पास झालेल्या केबललाच ते लेबल मिळतं. ते मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्याने स्कॅन करू नका. कॅमेऱ्याने एखादं संकेतस्थळ उघडलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, तसा कोड कुणीही छापू शकतो. ‘एचडीएमआय केबल सर्टिफिकेशन’ नावाचं अधिकृत ॲप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर मिळतं. त्यातून स्कॅन करा आणि हिरवी खूण बघून लगेच खाली ठेवू नका. ॲपमध्ये ब्रँड, मॉडेल आणि लांबी येते, ती तुमच्या हातातल्या केबलशी ताडून बघा. लांबीकडे विशेष लक्ष द्या. तपासणी प्रत्येक लांबीची वेगळी होते, कारण दोन मीटरला सहज पास होणारी तार दहा मीटरला सपशेल नापास होऊ शकते.

तसं का होतं? अल्ट्रा हाय स्पीडमध्ये चार जोड्या असतात आणि प्रत्येकीतून १२ जीबीपीएस जातात. म्हणजे तारेला साधारण ६ गिगाहर्ट्झपर्यंतचा सिग्नल सांभाळावा लागतो. तांब्यात वारंवारता वाढते तशी गळती वाढते, आणि लांबीबरोबर ती साचत जाते. शिवाय जोडीतल्या दोन तारांच्या लांबीत अगदी थोडा फरक पडला तरी दोन्हींतला सिग्नल पुढे-मागे पोहोचतो. म्हणून आत चिप नसलेली साधी तांब्याची केबल ४८ साठी तीन मीटरला निर्धास्त, पाचला कष्टाने, आणि दहा मीटरला तर मी विश्वासच ठेवत नाही. तुमची केबल दहा मीटरची, तांब्याची आणि दोन्ही टोकं सारखी असतील, तर खोक्यावरचा आकडा वाचतानाच शंका यायला हवी.

दुकानदाराने करायला लावलेल्या ‘-२’ चा मला फार राग आला. काय झालं ते सांगते. ४के चित्राच्या भोवतीची रिकामी जागा धरून एका चौकटीत ४४०० गुणिले २२५० ठिपके पाठवले जातात. सेकंदाला ६० चौकटी म्हणजे ५९.४ कोटी ठिपके. प्रत्येकी २४ बिट धरले तर १४.२६ जीबीपीएस. जुन्या पद्धतीत दर ८ बिटांमागे १० बिट पाठवावे लागतात, म्हणून तारेवरून प्रत्यक्ष १७.८२ जातात. तुमच्या केबलला एवढंही झेपत नव्हतं, ते ठिपके त्याचेच होते. ‘-२’ केल्यावर प्लेस्टेशन रंगाची माहिती छाटून पाठवतो, त्याला वाययूव्ही ४२० म्हणतात. ओझं एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त तपशील) धरून ११ च्या आसपास येतं. त्यामुळे ठिपके गेले. केबल होती तशीच आहे, तुम्हाला मिळणारं चित्र तेवढं कमी झालं. प्लेस्टेशनमध्ये ‘स्क्रीन अँड व्हिडिओ’ मध्ये जाऊन ‘व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन’ उघडा, तिथे रंगाचा प्रकार लिहिलेला दिसेल.

टीव्हीचीही बाजू तपासा म्हणजे दुकानदाराला बोलायला जागा राहणार नाही. बऱ्याच टीव्हींत पोर्टचा पूर्ण वेग मुद्दाम चालू करावा लागतो. सोनीत ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’ मध्ये ‘एन्हान्स्ड’, एलजीत ‘एचडीएमआय डीप कलर’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’. हे प्रत्येक पोर्टासाठी वेगळं असतं.

एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्या. उद्या एखाद्या केबलवर प्लेस्टेशनचं १२० हर्ट्झ आलं, तरी ती ४८ ची ठरत नाही. प्लेस्टेशन ५ स्वतःच ३२ जीबीपीएसवर थांबतो, एक्सबॉक्स सिरीज एक्स ४० वर. काही टीव्हींची पोर्टंही ४० च्या पुढे जात नाहीत. घरातली चाचणी फक्त एवढंच सांगते की तुमच्या या दोन उपकरणांमध्ये, आज, ही केबल पुरली. मानकात बसते का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर प्रयोगशाळेतून आलेलं ते लेबलच देतं. मानकात चित्राखेरीजही गोष्टी आहेत. अल्ट्रा हाय स्पीड केबलमधून बाहेर पडणारा विद्युतचुंबकीय गोंगाट फार कमी असावा लागतो, कारण टीव्हीमागे वायफाय आणि ब्लूटूथ अगदी खेटून असतात. आवरणातली जाळी हलकी असेल तर चित्र उत्तम दिसेल आणि शेजारचा वायफाय रडेल. लोक मग राउटर बदलत बसतात.

एवढं करून इथे कळवा: पोर्ट, आवरणावरची छपाई, ॲप आणि रंगाचा प्रकार.


गोदाकाठ

निशिगंधाताई, मनापासून आभार. सुतारांना सोमवारवर ढकललं. सगळं तपासलं.

छोट्या केबलने त्याच पोर्टवर १२० हर्ट्झ लगेच आलं. ‘एन्हान्स्ड’ आधीपासून चालूच होतं. म्हणजे टीव्ही निर्दोष.

लांब केबल परत लावली, तर माहितीच्या पानावर खरंच वाययूव्ही ४२० आहे. ‘ऑटोमॅटिक’ केल्यावर वाययूव्ही ४२२ (रंगाची छाट कमी) आलं आणि त्याबरोबर ठिपकेही परत आले.

आवरणावर लिहिलंय ‘हाय स्पीड एचडीएमआय केबल विथ इथरनेट’. पुढे ‘एडब्ल्यूएम स्टाइल २०२७६, ८० डिग्री सी, ३० व्ही, व्हीडब्ल्यू-१’ असं आहे. ४८ चा कुठे पत्ता नाही. दुकानदाराला फोटो पाठवला तर म्हणतो, हा स्टाइल नंबर म्हणजेच सर्टिफिकेट.

लेबल मात्र खोक्यावर आहे! ॲपने ते ओळखलंही, ब्रँड तोच आला. पण लांबी २ मीटर दाखवतंय. माझी केबल मोजली, दहा मीटर भरते. आता काय समजायचं?


रेझिस्टर (पुणे)

त्या स्टाइल नंबरबद्दल मी सांगतो, आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर ही छपाई रोज दिसते. एडब्ल्यूएम २०२७६ हा यूएल या संस्थेचा तारेच्या बांधणीचा क्रमांक आहे. ८० अंश तापमान, ३० व्होल्टपर्यंतचा वापर, आणि व्हीडब्ल्यू-१ म्हणजे आगीची चाचणी. तार पेटली तर ज्योत पसरत जाऊ नये, याबद्दल ते आहे. तुमच्यासाठी ते चांगलंच आहे, केबल भिंतीत आहे. पण त्यातून किती जीबीपीएस जातात याच्याशी त्याचा संबंध नाही. साध्या, जुन्या, १०.२ वाल्या केबलवरही हेच छापलेलं असतं.

अजून एक सांगून ठेवतो. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुकानदार एक छोटा टेस्टर लावून दाखवतात. दोन्ही टोकं त्यात खोचली की एकोणीस दिवे ओळीने लागतात आणि ‘बघा, केबल ओके’. एकोणीस पिना एकोणीस पिनांना पोचल्या, एवढंच त्या दिव्यांना कळतं. गावाला रस्ता आहे हे कळलं, त्यावरून ट्रक जाईल का ते कळलं नाही. वेग तपासायला जोडीचा १०० ओहमचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा अवरोध), गळती, दोन तारांमधला वेळेचा फरक हे मोजणारी यंत्रं लागतात आणि ती आमच्यासारख्या दुरुस्तीवाल्यांकडे नसतात.

मल्टिमीटरने केबलचा खोटेपणा पकडता येतो अशी एक जागा मात्र आहे, ती डिस्प्लेपोर्टमध्ये, म्हणजे संगणक मॉनिटरला जोडायच्या दुसऱ्या प्रकारच्या केबलमध्ये. डिस्प्लेपोर्टच्या २० नंबरच्या पिनवर ३.३ व्होल्टचा पुरवठा असतो, आणि नियमाप्रमाणे केबलने ही पिन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडायची नसते. स्वस्तात केबल बनवणारे सगळ्याच पिना सरळ जोडून टाकतात. मग मॉनिटरची वीज उलटी संगणकात शिरते आणि बंद केलेला पीसी विचित्र वागतो, कधी सुरूच होत नाही. दोन्ही टोकांच्या २० नंबरवर मल्टिमीटरची बीप वाजली तर ती केबल कचऱ्यात टाका. एचडीएमआयमध्ये अशी सोपी खूण नाही, म्हणून लेबलच धरून चालावं लागतं.


निशिगंधा

रेझिस्टर यांनी नेमकं लिहिलंय.

गोदाकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आवरण आणि ॲप या दोघांनी मिळून दिलं आहे. हातात आहे ती १०.२ जीबीपीएस वर्गाची केबल. लेबल त्याच ब्रँडच्या दोन मीटरवाल्या मॉडेलचं आहे, ते दहा मीटरच्या खोक्यावर चिकटवलेलं आहे. कुणी चिकटवलं ते आपल्याला इथे बसून ठरवता येणार नाही, पण तुमच्या केबलला प्रमाणपत्र नाही हे पक्कं. ॲपच्या पडद्याचा, आवरणावरच्या छपाईचा आणि खोक्याचा फोटो एकत्र काढून ठेवा आणि पैसे परत मागा. ‘चित्र तर येतंय ना’ असं म्हणतील. तुम्ही चित्र विकत घेतलं नव्हतं, ४८ चा आकडा विकत घेतला होता, हे शांतपणे सांगा. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ क्रमांक आहे, तिथे तक्रार नोंदवा. दीड-दोन हजारांसाठी कशाला, असा विचार करू नका.

आता पाइपचं. दहा मीटरला ४८ हवे असतील तर ऑप्टिकल केबल (काचेच्या तंतूंतून प्रकाशाने सिग्नल नेणारी) घ्या, तीही अल्ट्रा हाय स्पीडचं लेबल असलेली आणि ॲपमध्ये दहा मीटर दाखवणारी. लेबल दुकानातच स्कॅन करा, पैसे त्यानंतर. ऑप्टिकल केबलला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं, आणि उलटी टाकली तर काहीही दिसत नाही. म्हणून ओढण्याआधी हॉलच्या फरशीवर पसरून, प्लेस्टेशनला आणि टीव्हीला जोडून, १२० हर्ट्झवर तास-दोन तास खेळून बघा. आमच्याकडे हा नियम मी कुणालाही मोडू देत नाही, साहेब दारात उभे असले तरी.

इथे ठिपके शोधत बसू नका. १८ च्या वर गेलं की सिग्नलची पद्धत बदलते, त्यात चुका दुरुस्त करण्याची सोय असते आणि दोन्ही उपकरणं आधी वेग जुळवून घेतात. त्यामुळे केबल कमी पडली तर तुम्हाला ठिपके दिसतीलच असं नाही. पडदा क्षणभर काळा होतो, किंवा उपकरणं गुपचूप खालच्या वेगावर उतरतात. दर थोड्या वेळाने माहितीचं पान उघडून १२० कायम आहे ना ते बघा.

ओढताना काच आहे हे विसरू नका. डोक्याला दोरी बांधून खेचू नका, आवरणाला बांधा. पाइपच्या काटकोनात केबल मुडपू देऊ नका. डोकं सुटं करता येतं अशा ऑप्टिकल केबली मिळतात, तुमच्या २५ मिमीच्या पाइपला त्याच घ्या.


गोदाकाठ

ताई, शेवटचं विचारतो. जुनी केबल काढून टाकू की पाइपमध्ये राहू देऊ? पैसे परत मिळाले तर केबल द्यावी लागेल, नाही मिळाले तर पडून राहील. रिसीव्हरला टीव्हीचा आवाज इएआरसीने (एचडीएमआय केबलमधूनच आवाज उलटा नेण्याची सोय) न्यायचा आहे, त्याला ती चालेल का?


निशिगंधा

चालेल. इएआरसीचा आवाज चित्राच्या जोड्यांतून जात नाही, त्याला वेगळी जोडी आहे, तीच ‘विथ इथरनेट’ केबलमध्ये असते. तुमच्या आवरणावर ते लिहिलेलं आहे. सेट-टॉप बॉक्स रिसीव्हरला जोडा, रिसीव्हरपासून टीव्हीच्या इएआरसी पोर्टाला ही जुनी केबल. सेट-टॉप बॉक्सच्या एचडी वाहिनीला सव्वादोन जीबीपीएसच्या आसपास लागतात, ते ही केबल आरामात नेईल, आणि त्याच केबलमधून टीव्हीचा आवाज उलटा रिसीव्हरकडे येईल. प्लेस्टेशन ऑप्टिकलने थेट टीव्हीच्या दुसऱ्या, १२० वाल्या पोर्टाला. केबल परत द्यावी लागली, तर आवरणावर ‘हाय स्पीड विथ इथरनेट’ असं लिहिलेली दुसरी कुठलीही साधी केबल तिच्या जागी घ्या.

दोन्ही पाइपमध्ये घालण्यासाठी जुनी आधी बाहेर काढावी लागेल, ती आत असताना नवीन शिरणार नाही. काढताना तिच्या शेपटाला नायलॉनची दोरी बांधा म्हणजे दोरी आत राहील. मग दोन्ही केबली त्या दोरीने एकदम ओढा, जुनीचं डोकं पुढे आणि ऑप्टिकलचं बारीक टोक हातभर मागे. नायलॉनची आणखी एक दोरी त्यांच्यासोबत पाइपमध्ये सोडून ठेवा, पुढे कधी तिसरी केबल लागली तर पॅनेल उघडायला नको.